दीर्घिकांचे रंग : खरे की चढविलेले?

उरण तालुक्यातील द्रोणागिरी हे नाव आज दोन ठिकाणांस लावले जाते. एक उरणच्या लगतची जुनी टेकडी, जिच्यावर पडक्या किल्ल्याचे अवशेष आहेत. दुसरे तिच्या परिसरात नवी मुंबईचा भाग म्हणून वसत चाललेले नगर. जवळच न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेले बंदर रात्रभर दिव्यांनी उजळलेले असते. कार्तिक-मार्गशीर्षातील एखाद्या निरभ्र रात्री या टेकडीवरून कोणी देवयानी तारकासमूहातील प्रसिद्ध दीर्घिका शोधू लागला, तर दिव्यांच्या झगमगाटात ती नुसत्या डोळ्यांस बहुधा सापडणारच नाही. द्विनेत्री दुर्बिणीतून सापडली, तर काचेवर श्वास सोडला असता उमटावा तसा एक करडा डाग दिसेल. तोच मनुष्य घरी येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहील, तर त्याच दीर्घिकेचे निळसर बाहू, पिवळट गाभा आणि मधूनमधून विखुरलेले गुलाबी ठिपके त्याच्या दृष्टीस पडतील. अशा वेळी त्याच्या मनात शंका उभी राहणे स्वाभाविक आहे. हे रंग आकाशात आहेत, की छापखान्यात कोणी चढविले आहेत?

ही शंका क्षुल्लक नाही. ज्या चित्राच्या आधारे शास्त्रज्ञ विश्वाचे वय व ताऱ्यांचा जन्म यांविषयी बोलतात, त्या चित्रातील रंग जर मनाचे असतील, तर त्या बोलण्यावर विश्वास तरी कोणी व का ठेवावा? उलटपक्षी रंग खरे असतील, तर ते डोळ्यास का दिसत नाहीत? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर गेल्या दीड शतकाहून अधिक काळच्या इतिहासात सापडते, आणि त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान पुण्यात लिहिले गेले आहे.

प्रथम डोळ्याचा विचार करावा. मनुष्याच्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशींना रंग कळतो, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक प्रकाशातही काम करतात, पण त्यांना रंगाचा भेद कळत नाही. चांदण्यात जास्वंदीचे फूल काळसर दिसते ते याच कारणाने. फुलाचा रंग रात्री नाहीसा होत नाही, केवळ तो पाहणारी पेशी झोपी जाते. दीर्घिकांचेही तसेच आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की, विमानात बसून त्या दीर्घिकेच्या जवळ गेल्यास हे रंग झळाळून उठतील. परंतु तसे होणार नाही. जवळ जाताना दीर्घिका आकाशात मोठी दिसू लागेल, तथापि तिच्या पृष्ठभागाची उजळी मात्र वाढणार नाही. कारण येणारा अधिक प्रकाश तितक्याच प्रमाणात अधिक विस्तारावर पसरलेला असेल. सारांश, दीर्घिकेचा रंग ही वस्तू आहे. उणीव आहे ती आपणांस मिळालेल्या इंद्रियात.

ही उणीव भरून काढण्याची युक्ती दुर्बिणीच्या नव्हे, तर छायाचित्राच्या इतिहासात सापडते. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एक प्रयोग दाखविला. चौकटीच्या नक्षीच्या एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणीतून निरनिराळी घेण्यात आली होती. तिन्ही चित्रे काळी-पांढरीच होती. मग त्याच तीन रंगांच्या प्रकाशात ती एकाच पडद्यावर एकावर एक टाकली आणि फितीचे रंग पडद्यावर अवतरले. काळ्या-पांढऱ्या चित्रांतून रंग उभा करण्याचा हा पहिला प्रसिद्ध प्रयोग होय. या कथेचा उत्तरार्ध अधिक मनोरंजक आहे. त्या काळच्या काचांवरील रसायनास तांबडा प्रकाश जवळजवळ टिपताच येत नसे. मग तांबड्या गाळणीतले चित्र उमटले कसे? बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, असे दाखवून देण्यात आले की, फितीच्या तांबड्या भागांतून परावर्तित झालेला अदृश्य अतिनील प्रकाश त्या गाळणीतून गेला होता आणि काचेने टिपला होता तो तोच. म्हणजे अदृश्य प्रकाशास दृश्य रंगाचा वेष देण्याची गोष्ट अवकाश दुर्बिणींनी नव्याने काढलेली नाही; पहिल्याच दिवशी ती नकळत घडून गेली होती.

महाराष्ट्रातील जुन्या घरांस या युक्तीचे दुसरे रूप चांगले परिचित होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आला. तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे देवघरात आणि दिवाणखान्यात टांगली गेली. त्यांच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा लागे. एका शिळेवरून केवळ पिवळा, दुसरीवरून तांबडा, तिसरीवरून निळा, अशा क्रमाने कागद पुन्हा पुन्हा दाबला जाई, आणि शिळा केसभर सरकली तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर जाई. अवकाश दुर्बिणीचे रंगीत चित्रही असेच एकेका थराने बांधले जाते. भेद एवढाच की, छापखान्यात चित्रकाराच्या रंगांवरून शिळा तयार होत. येथे आकाशातील प्रकाश आधी निरनिराळ्या थरांत मोजला जातो आणि चित्र शेवटी तयार होते.

परंतु रंग म्हणजे केवळ शोभा नव्हे, तर ती एक साक्ष आहे, हे ज्योतिषशास्त्रास शिकविले ते वर्णपटदर्शकाने. २९ ऑगस्ट १८६४ रोजी इंग्लंडमधील विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक रोखला. ताऱ्यासारखा अखंड पट्टा दिसेल अशी अपेक्षा होती. दिसल्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा, आणि त्यांतली सर्वांत ठळक रेषा हिरवी होती. तेजोमेघ वायूचा आहे हे त्यावरून सिद्ध झाले, पण तो वायू कोणता हे कळेना. पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याची रेषा तिच्याशी जुळेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवेच द्रव्य कल्पिले गेले. नॉर्मन लॉकियर यांचे मत मात्र निराळे होते. आकाशातील तेजोमेघ उल्कांच्या थव्यांपासून बनलेले आहेत असा त्यांचा सिद्धांत होता, आणि ही हिरवी रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या एका प्रकाशपट्ट्याचा उरलेला काठ आहे असे ते म्हणत.

या वादात पुण्याचा प्रवेश होतो. कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले पारशी गृहस्थ पुण्याच्या सायन्स कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत असत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी आणि मुंबई सरकारचे साहाय्य यांच्या बळावर त्यांनी १८८८ मध्ये तेथे वेधशाळा उभी केली. तीस महाराजांचेच नाव देण्यात आले. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंच आरशाची तिची दुर्बीण पुढे कित्येक वर्षे भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. लॉकियर यांच्याशी नायगमवाला यांचा चांगला परिचय होता व वेधशाळेच्या योजनेत त्यांचा सल्लाही घेतला गेला होता. असे असूनही मृग नक्षत्रातील तेजोमेघाची ती हिरवी रेषा पुण्याच्या आकाशात पारखून पाहिल्यावर, ती प्रत्येक वेळी रेखीव व बारीकच दिसते असे त्यांनी नमूद केले. रेषा जर पट्ट्याचा काठ असती, तर तिची एक बाजू धूसर दिसावयास हवी होती. ती तशी दिसत नव्हती. अर्थात मॅग्नेशियमचा आधार निसटला. हा निष्कर्ष १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांची मापनेही लॉकियर यांच्या विरुद्धच जात होती. आपल्या सल्लागाराच्या सिद्धांतास बाध येईल अशी नोंद जशीच्या तशी छापण्यास जो प्रामाणिकपणा लागतो, तो त्या पुणेकर प्राध्यापकाच्या ठिकाणी होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘रेषा हिरवी दिसते’ एवढ्यावर नायगमवाला थांबले नाहीत. हिरवे हे डोळ्याचे मत झाले. रेषेचे वर्णपटातील स्थान आणि तिची रेखीवता ही मोजण्याची गोष्ट आहे. रंगाचे विज्ञान सुरू होते ते या ठिकाणी. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी त्या रेषेचे गूढ उकलले. ती कोणत्याही नव्या द्रव्याची नव्हती. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अत्यंत विरळ अवस्थेत असताना हा प्रकाश देतो; पृथ्वीवरील प्रयोगशाळेत तेवढी विरळता साधत नसल्यामुळे ती रेषा कोणास ओळखता आली नव्हती. पुण्याची वेधशाळा मात्र तोवर उरली नव्हती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली, आणि तिची साधने कोडाईकनाल येथे पाठविण्यात आली.

दरम्यान दीर्घिकांची छायाचित्रे घेतली जात होती, पण ती काळी-पांढरी. १९५९ च्या सुमारास पॅलोमर वेधशाळेतील विल्यम मिलर यांनी रंगीत फिल्मवर घेतलेली देवयानीची व इतर चित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा लोकांनी प्रथमच दीर्घिकेचे रंग पाहिले. परंतु तासन्‌तास प्रकाश घेताना रंगीत फिल्मचे तीन थर सारख्या वेगाने मंदावत नाहीत, त्यामुळे रंग बिघडतो व तो पुन्हा दुरुस्त करावा लागतो. म्हणून ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथे डेव्हिड मॅलिन यांनी १९७० नंतरच्या दशकात मॅक्सवेल यांचीच जुनी वाट धरली. तीन गाळण्यांतून तीन काळ्या-पांढऱ्या काचा घ्यावयाच्या आणि अंधारखोलीत त्यांचा संयोग करावयाचा, ही त्यांची रीत होती. एका परीने पाहता रंगीत फिल्मपेक्षा काळी-पांढरी काचच रंगाविषयी अधिक विश्वासू ठरली.

२४ एप्रिल १९९० रोजी हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिच्या आरशातील दोषावर १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी उपाय केला आणि त्यानंतर तिची चित्रे जगभर गाजू लागली. या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यास रंग मुळीच कळत नाही. प्रकाशाचे किती कण कोणत्या बिंदूवर पडले, एवढेच तो मोजतो. रंगाची माहिती येते ती कॅमेऱ्यापुढे फिरविल्या जाणाऱ्या गाळण्यांमुळे. १९९३ मध्ये बसविलेल्या कॅमेऱ्यात अशा ४८ गाळण्या होत्या. द्रोणागिरी पर्वताची रामायणातील कथा येथे आठवावी. हनुमंतास औषधी ओळखता येईना, म्हणून त्याने सबंध पर्वतच उचलून आणला, आणि वल्ली निवडण्याचे काम सुषेण वैद्यावर पडले. दुर्बिणीचा आरसाही असाच सगळा प्रकाश सरसकट गोळा करतो. त्यातून हवे ते निवडण्याचे वैद्यकर्म गाळणी करते.

श्यामशबल तारकासमूहातील भोवऱ्याच्या आकाराची दीर्घिका सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. २००५ च्या जानेवारीत हबलने तिची चित्रे चार गाळण्यांतून घेतली: निळी, हिरवट-पिवळी, अवरक्ताच्या सीमेवरची, आणि हायड्रोजनच्या तांबड्या रेषेपुरती अरुंद अशी चौथी. प्रथम या चित्रांवरील विश्वकिरणांचे खोटे ठिपके पुसले जातात. एकाच जागेची दोन-तीन चित्रे ताडून पाहिली असता, जो ठिपका एकातच आहे तो तारा नव्हे हे कळते. मग उजळीची पुनर्रचना करावी लागते. कॅमेऱ्याने मोजलेल्या उजळीच्या पायऱ्या हजारोंनी असतात. साधा पडदा एका रंगाच्या २५६ पायऱ्याच दाखवू शकतो. सरळ प्रमाणाने छापल्यास गाभा पांढराशुभ्र व बाहू काळेकुट्ट दिसतील, म्हणून अंधुक भाग गणिताच्या ठराविक नियमाने वर उचलले जातात. शेवटी प्रत्येक चित्रास एकेक रंग नेमून देऊन ती शिळाछापाप्रमाणे अचूक एकावर एक बसविली जातात. निळ्या गाळणीस निळा, मधलीस हिरवा, अवरक्तास तांबडा, आणि हायड्रोजनच्या चित्रासही तांबड्याचाच हिस्सा मिळतो.

या चित्रात जे निळे दिसते तेथे तरुण, अतितप्त तारे आहेत. जे पिवळट दिसते तेथे वृद्ध, थंड होत चाललेल्या ताऱ्यांची दाटी आहे. गुलाबी ठिपक्यांच्या जागी हायड्रोजनच्या मेघांत नवे तारे जन्मत आहेत. तपकिरी रेघा धुळीच्या आहेत. रंग येथे दीर्घिकेची जणू जन्मपत्रिकाच मांडतो. चित्रकाराने मनाने रंग भरले असते, तर ही पत्रिका वाचता आली नसती. तरीही यातला अवरक्त थर मनुष्याच्या डोळ्यास कधीच दिसला नसता, हेही मान्य केले पाहिजे.

वादाचा खरा प्रसंग आला तो गरुड तेजोमेघाच्या चित्राने. १९९५ च्या एप्रिलात जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन यांनी हबलने घेतलेले हे चित्र ‘निर्मितीचे स्तंभ’ या नावाने जगप्रसिद्ध झाले. तो मेघ आपल्याच आकाशगंगेत आहे. पण त्यातली रीत पुढे दीर्घिकांतील मेघांच्या चित्रांतही वापरली गेली, म्हणून तो येथे प्रस्तुत ठरतो. गंधकाच्या, हायड्रोजनच्या व ऑक्सिजनच्या रेषांपुरत्या तीन अरुंद गाळण्या त्यात वापरल्या होत्या. गंधकाची व हायड्रोजनची रेषा दोन्ही डोळ्यास तांबड्याच दिसतात. तशाच ठेवल्या तर दोन द्रव्ये एकमेकांत मिसळून जातील. म्हणून सर्वांत लांब लहरीच्या गंधकास तांबडा, मधल्या हायड्रोजनास हिरवा, आणि सर्वांत आखूड लहरीच्या ऑक्सिजनास निळा रंग देण्यात आला. हगिन्स यांनी पाहिलेली आणि पुण्यात नायगमवाला यांनी पारखलेली ती हिरवी रेषा याच ऑक्सिजनची होय. शंभर वर्षांनंतर ती निळी झाली!

यास खोटेपणा म्हणावे काय? नकाशात रायगड जिल्हा पिवळा व ठाणे जिल्हा हिरवा रंगविला, तर जमीन त्या रंगाची आहे असे कोणी मानीत नाही. सीमा मात्र खऱ्या असाव्या लागतात. ‘निर्मितीच्या स्तंभां’त लहरींचा क्रम पाळला आहे, कोणत्या रंगास कोणते द्रव्य हे जाहीर केले आहे, आणि मूळ मोजणी कोणासही पाहता येते. या तीन अटी पाळल्या, तर चित्र डोळ्यास जे दिसते त्याहून निराळे असले तरी ते फसवीत नाही. फसवणूक सुरू होते ती ही किल्ली चित्राबरोबर दिली जात नाही तेव्हा. आणि दिनदर्शिका, पुस्तके, वृत्तपत्रे यांतून ती पुष्कळदा गळते हे नाकारता येणार नाही.

नियम काटेकोर असूनही चूक होऊ शकते याचा दाखला २००२ मध्ये मिळाला. कार्ल ग्लेझब्रुक व इव्हान बाल्ड्री यांनी दोन लाखांहून अधिक दीर्घिकांचा प्रकाश एकत्र करून विश्वाचा सरासरी रंग फिकट हिरवा-निळा आहे असे जानेवारीत सांगितले. थोड्याच आठवड्यांत गणनयंत्राच्या आज्ञावलीत ‘पांढरा’ कशास म्हणावयाचे हे चुकीचे धरले गेल्याचे आढळून आले, आणि तो रंग दुधाळ बदामी ठरला. चूक लपविली गेली नाही. मोजलेला प्रकाश तोच राहिला. बदलले ते त्याचे भाषांतर.

आजच्या दुर्बिणी तर डोळ्याच्या राज्यापासून फारच दूर गेल्या आहेत. २५ डिसेंबर २०२१ रोजी प्रक्षेपित झालेली जेम्स वेब दुर्बीण मुख्यत्वे अवरक्त प्रकाश पाहते. २०२२ च्या जुलैत प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या चित्रात आखूड लहरींस निळा व लांब लहरींस तांबडा, हाच क्रम ठेवला आहे. विश्वाच्या प्रसरणाने अतिदूरच्या दीर्घिकांच्या लहरी ताणल्या जातात. म्हणून चित्रातला तांबडा ठिपका पुष्कळदा प्राचीनतेची खूण ठरतो.

दुसऱ्या टोकास, अतिनील प्रकाशात, पुण्याचे नाव पुन्हा येते. नायगमवाला यांच्या वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली गणेशखिंडीत ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली. २०१५ च्या सप्टेंबरात भारताने ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही अवकाश वेधशाळा सोडली. तिच्या अतिनील दुर्बिणीने २०१६ च्या ऑक्टोबरात आकाशाचा एक लहानसा तुकडा २८ तासांहून अधिक काळ न्याहाळला, आणि आयुकातील कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्यातील एका दीर्घिकेचा शोध जाहीर केला. तेथून निघालेला प्रकाश ९३० कोटी वर्षे प्रवास करून आला होता. निघताना त्याच्या लहरीची लांबी सुमारे ६० नॅनोमीटर होती. येईतो ती ताणून दुपटीहून अधिक झाली, तरीही ती डोळ्यास दिसणाऱ्या वर्णपटाच्या बाहेरच राहिली. हबलसारख्या मोठ्या दुर्बिणीला न सापडलेला तो अतिनील अंश या लहान दुर्बिणीस सापडला, कारण तिच्या संवेदकात स्वतःचा गोंधळ फार थोडा होता. या प्रकाशाचा ‘खरा’ रंग कोणता, या प्रश्नास अर्थच उरत नाही. तो कोणत्याही डोळ्यासाठी रंग नव्हता. चित्रात त्यास निळा द्यावा की जांभळा, हे ठरवून घ्यावयाचे. तो कोठून, किती व कोणत्या लहरीने आला, हे मात्र ठरवून घेता येत नाही, ते मोजावेच लागते.

तेव्हा दिनदर्शिकेवरील दीर्घिका पाहताना द्रोणागिरीवरून परतलेल्या त्या मनुष्याने ती खोटी म्हणून टाकून देऊ नये, आणि हुबेहूब म्हणून स्वीकारूही नये. कोणत्या गाळण्या वापरल्या आणि कोणत्या लहरीस कोणता रंग दिला, एवढे दोन प्रश्न त्याने विचारावेत. सुषेणाने निवडलेल्या वल्लीचा गुण तिच्या नावावर अवलंबून नव्हता. परंतु कोणती वल्ली कोणती, हे त्यास ठाऊक असल्यावाचून लक्ष्मणाचे प्राणही वाचले नसते.